हिवाळ्यात घरात भाजी लावायचीय? बी घ्यायच्या आधी खिडकी बघा

हिवाळा लागला की घरातच काहीतरी हिरवं लावूया असं खूप जणांच्या मनात येतं, मग कुंडी येते, माती येते, खत कुठलं घालायचं यावर अर्धा तास चर्चा होते, पाणी रोज की एक दिवसाआड यावर होते, आणि उजेडाचं कोणी विचारतच नाही. खिडकीत ठेवलंय ना, मग झालं. मला मनापासून वाटतं की सगळी गडबड इथेच होते. हिवाळ्यात घरातल्या भाजीचा जवळजवळ सगळा हिशोब उजेडाचा असतो, पाणी आणि खत त्याच्या मागून येतात, आणि कुठली भाजी लावायची ते आपल्या खिडकीत किती उजेड येतो ते बघूनच ठरवायला पाहिजे.

अडचण अशी की आपल्या डोळ्यांना हे कळत नाही. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली छान उजळलेलीच दिसते. प्रत्यक्षात बाहेर भर उन्हात 1 लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, ढगाळ दिवशी सुद्धा बाहेर काही हजार लक्स सहज मिळतात, आणि संध्याकाळी दिवे लावलेल्या आपल्या खोलीत असतात जेमतेम 300 ते 500. म्हणजे ज्या टेबलावर आपण आरामात पुस्तक वाचतो तिथे पालकाचं रोप उपाशी असतं. मोबाईलवर लक्स मोजायची फुकट अ‍ॅप्स आहेत, ती काही प्रयोगशाळेइतकी अचूक नाहीत पण तुलना करायला एकदम उपयोगी, एकदा खिडकीच्या काचेला लावून बघा आणि मग हातभर आत येऊन बघा, आकडा धाडकन खाली येतो.

हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम होतात. दिवस लहान होतो आणि सूर्य आकाशात खालून जातो. पहिली वाईट, पण दुसरी आपल्या फायद्याची, कारण उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून हे तिरपं ऊन उन्हाळ्यापेक्षा जास्त आत येतं (दक्षिण गोलार्धात असाल तर उत्तरेची खिडकी धरा). उत्तरेच्या खिडकीत मात्र फक्त दिवसाचा पसरलेला उजेड, थेट ऊन नाही. तेव्हा आधी दिशा बघा, समोर इमारत किंवा झाड आहे का ते बघा, आणि काच पुसून घ्या, हो खरंच, धुळकट काच बराच उजेड खाते.

आता भाज्यांची विभागणी मी अशी करते. काही भाज्या स्वतःचा डबा बरोबर घेऊन येतात, काहींना रोज थोडं लागतं, आणि काहींना भरपूर लागतं. बाकी सगळं यावरून ठरतं.

डबा घेऊन येणारे म्हणजे बी, कंद, कांदे. मुळ्याच्या, मोहरीच्या, वाटाण्याच्या, सूर्यफुलाच्या बीमध्ये कोंबाला सुरुवातीचे दिवस पुरेल एवढं अन्न आधीच भरलेलं असतं, म्हणून मायक्रोग्रीन्स, म्हणजे अगदी कोवळी असतानाच कापून खायची रोपं, कमी उजेडात सुद्धा येतात आणि त्यांना खत लागत नाही. कांद्याची पात वापरून झाली की मुळांसकट बुडाचा बोटभर तुकडा ठेवायचा आणि पेलाभर पाण्यात उभा करायचा, परत पात येते, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं नाहीतर वास मारतं. लसणाच्या पाकळ्या मातीत दाटीने खोचल्या तरी हिरवी पात मिळते. अंधाऱ्या उत्तरेच्या खिडकीत काहीही येत नाही असं म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी, कारण हे उजेडावर फारसं अवलंबूनच नाही.

मायक्रोग्रीन्सबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळ्यात जास्त प्रेम यांच्यावर आहे आणि हिवाळ्यात सगळ्यात पटकन पदरात पडतात त्या याच. उथळ ट्रे घ्यायचा, दोन-तीन सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कोकोपीट आणि गांडूळखत, ओलं करून सपाट दाबायचं, वर बी दाट पसरायचं, इतकं की बीला बी लागेल पण बीवर बी चढणार नाही. वाटाणा आणि सूर्यफूल आधी 8 ते 12 तास भिजवायचं, मोहरी आणि मुळा भिजवायची गरज नाही. मग वर दुसरा ट्रे पालथा घालून थोडं वजन ठेवायचं आणि दोन-तीन दिवस अंधारात, त्या वजनाला ढकलत कोंब वर येतात आणि मुळं नीट खाली जातात. झाकण काढलं की कोंब पिवळट दिसतात, घाबरू नका, उजेडात ठेवले की हिरवे होतात. मुळा 7 ते 10 दिवसांत कापायला येतो, वाटाण्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, तुळशीच्या जातीतलं बेसिल मात्र निवांत, त्याला तीन आठवडे द्यायची तयारी ठेवा.

इथे एक गोष्ट जवळून बघायला हवी. मुळा किंवा मोहरीचे कोंब दोन-तीन दिवसांचे झाले की बुडाशी पांढरी लव दिसते आणि बरेच जण बुरशी आली म्हणून अख्खा ट्रे फेकून देतात. ती बहुतेक वेळा बुरशी नसते, ती मुळांची केसासारखी तंतूमुळं असतात. ओळखायची कशी तर पाण्याचा बारीक फवारा मारा, तंतूमुळं लगेच मुळाला चिकटून दिसेनाशी होतात आणि थोडं सुकलं की परत फुलतात. बुरशी तशी जात नाही, शिवाय ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका कोंबावरून दुसऱ्यावर, बीच्या टरफलांवर, मातीवर आडवी पसरते आणि तिला कुबट वास असतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की कितीतरी चांगले ट्रे वाचतात.

बी घेताना मात्र खाण्यासाठीचं किंवा मायक्रोग्रीन्ससाठीचं, औषध न लावलेलं बी बघून घ्या. शेतात पेरायच्या बियांवर पुष्कळदा बुरशीनाशक लावलेलं असतं, ते गुलाबी-निळ्या रंगाचं दिसतं, ते यासाठी अजिबात नाही. टोमॅटो, वांगं, मिरचीची कोवळी रोपं खायची नाहीत, आणि राजम्याचे कच्चे कोंबही नाहीत, त्यात त्रास देणारी द्रव्यं असतात. आणि मोड आणि मायक्रोग्रीन्स हे एकच नाहीत बरं का. मोड आपण दमट, बंद जागेत वाढवतो आणि बी-मुळासकट खातो, जंतूंना वाढायला अगदी तशीच जागा लागते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली होती, 50 हून जास्त माणसं गेली, आणि तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोचला होता. मायक्रोग्रीन्स उजेडात, हवेशीर वाढतात आणि मातीच्या वरून कात्रीने कापतात म्हणून धोका कमी, पण शून्य नाही, तेव्हा ट्रे दर वेळी साबणाने धुवा, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मोड शिजवूनच द्या.

दुसरा गट पानांचा. लेट्यूस, पालक, कोथिंबीर, मोहरीचा पाला, मेथी, अजमोदा. यांना रोज उजेड हवाच, पण आटोक्यातला. पाऊस जसा दिवसभरात एकूण किती पडला असा मोजतात तसाच झाडाचा उजेडही दिवसाच्या बेरजेने मोजतात, त्याचं एकक मोल (प्रकाशकण मोजायचं माप), आणि लेट्यूस चांगलं भरायला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण 12 ते 17 मोल लागतात. हिवाळ्यात नुसत्या खिडकीत एवढे मिळणं अवघड, म्हणून दिवा लावायचा. आणि दिवा म्हटलं की लोक खास झाडांसाठी म्हणून विकतात ते जांभळे दिवे घ्यायला धावतात. गरज नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब किंवा बल्ब, 4000 ते 6500 केल्विनमधला (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगाचं माप), पानभाजीला व्यवस्थित चालतो. हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी असतो असं सर्रास सांगतात पण ते खरं नाही, मॅक्री या शास्त्रज्ञाने 1972 मध्येच वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशावर पिकांची पानं तपासून दाखवलं होतं की हिरवाही बऱ्यापैकी वापरला जातो. आणि जांभळ्या उजेडात सगळी पानं काळपट दिसतात, पान पिवळं पडतंय का, त्यावर डाग आहेत का हे कळतच नाही, माझ्या मते तर हेच पांढरा दिवा घ्यायचं सगळ्यात मोठं कारण आहे.

दिवा किती लांब ठेवायचा यावर बरंच काही ठरतं. साधा एलईडी पानांपासून 15 ते 20 सेंटीमीटरवर, छताला नाही. खूप उंचावर दिवा टांगून रोपं नुसती लांबुळकी होतात, देठ पातळ, पानं दोन, आणि हात लावला की आडवी. रोप असं ताणलं गेलं की ते उजेड शोधतंय एवढंच समजायचं, तेव्हा खत घालू नका, दिवा खाली आणा. दिव्याच्या वेळेला टायमर लावा, रोज आठवणीने चालू-बंद करणं कुणालाच जमत नाही. विजेची काळजी असेल तर 20 वॅटचा दिवा रोज 14 तास लावला तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आसपास होतात. चारही बाजूंनी पांढरा पुठ्ठा उभा केला की बाजूला जाणारा उजेड परत पानांवर येतो, हा काहीच कष्ट नसलेला उपाय आहे आणि तो का कोणी करत नाही मला कळत नाही.

लेट्यूसला 14-16 तास चालतात. पालकाला मात्र नाही! पालक हा दिवस मोठा झाला की फुलोऱ्यावर येणारा आहे, 14 तासांच्या पुढे दिवा ठेवलात तर त्याला वाटतं उन्हाळा आला, मधून दांडा फुटतो आणि पानं कडवट होतात. कोथिंबिरीचाही कल तसाच. त्यांना 10 ते 12 तास पुरे, उजेड वाढवायचाच असेल तर दिवा थोडा जवळ घ्या, तास वाढवू नका. या दोघांना आणि लेट्यूसला गारवाही आवडतो, लेट्यूसचं बी 15 ते 20 अंशांत छान उगवतं आणि 30 च्या पुढे झोपूनच राहतं, त्यामुळे हीटरच्या शेजारची उबदार जागा यांच्यासाठी नाही. बेसिल नेमकं उलटं, त्याला 10 अंशांच्या खालची थंडी बाधते, पानं काळी पडतात. रात्री पडदा ओढताना कुंडी काच आणि पडद्याच्या मधे अडकत नाही ना एवढं बघा, त्या फटीत खोलीपेक्षा खूप जास्त गार होतं.

मातीचा पसारा नको असेल तर लेट्यूस पाण्यातही येतं. हवाई विद्यापीठातल्या क्रॅट्की यांची पद्धत आहे, पंप नाही, वीज नाही, बाहेरून उजेड आत न जाणाऱ्या डब्यात खताचं पाणी, वर झाकणात जाळीचा कप, कपाचं बूड सुरुवातीला पाण्याला टेकलेलं. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या हवेत मुळं श्वास घेतात. एका गड्ड्याला 4 लिटरच्या आसपास पाणी धरा, आणि पातळी खाली गेली म्हणून परत काठोकाठ भरू नका, हवेतली मुळं बुडाली की झाड मान टाकतं. काचेची बरणी असेल तर बाहेरून कागद गुंडाळा नाहीतर आत शेवाळ. (2015 च्या ऑगस्टमध्ये अंतराळ स्थानकावर एलईडीखाली वाढवलेलं लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्लं होतं, तिथे जमतं तर आपल्या खिडकीत का नाही, असं मला नेहमी वाटतं.)

पानं काढताना बाहेरची काढा, मधला शेंडा तसाच ठेवा, मग तेच झाड कित्येक आठवडे देत राहतं.

पाण्याचं थोडक्यात. थंडीत आणि कमी उजेडात झाड पाणी कमी पितं, म्हणून उन्हाळ्याच्या सवयीने रोज घालू नका. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या, किंवा कुंडी उचलून बघा, वजनावरून चार दिवसांत अंदाज येतो. शक्यतो खालच्या ताटलीत पाणी ओतून अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका. वरची माती कायम ओली राहिली की त्या बारीक काळ्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या बहुतेक मातीच्या वरच्या थरातच असतात, तेव्हा तो थर सुकू देणं हाच पहिला उपाय, सोबत पिवळे चिकट कागद. कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडायला लागली तर तो मर रोग, त्याला पाणी कमी आणि हलका पंखा. आणि मावा. घरात त्याला खाणारे लेडीबर्ड किडे नसतात, थंडीही लागत नाही, म्हणून एक मावा आला की बघता बघता पानाची मागची बाजू भरते. आठवड्यातून एकदा पानं उलटून बघाच.

राहिला तिसरा गट, टोमॅटो, मिरची, काकडी. टोमॅटोला दिवसाला 20 ते 30 मोल लागतात म्हणजे पानभाजीच्या जवळजवळ दुप्पट, एवढं हिवाळ्याच्या खिडकीला परवडत नाही आणि साध्या दिव्यालाही नाही. अगदी हौसच असेल तर मायक्रो टॉमसारखी वीतभर उंचीची जात चांगल्या जोरदार दिव्याखाली लावा आणि फुलं आली की झाड हळूच हलवा, घरात वारा नसतो आणि मधमाश्या नसतात, पराग आपणच पाडायचा. मिरचीचं मात्र एक चांगलं आहे, ती बहुवर्षायू आहे, त्यामुळे बाहेरचं जुनं झाड थंडीच्या आधी छाटून, पानांवरची कीड धुऊन, घरात आणून ठेवता येतं. त्या काळात फळांची अपेक्षा नको, खत नको, पाणी अगदी बेताचं, फक्त जिवंत ठेवायचं, आणि दिवस मोठा व्हायला लागला, नवे फुटवे दिसले की पाणी वाढवून आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर काढत सवय करून मग कायमचं बाहेर.