४९-ओ च्या रकान्यात एक

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान: ५० मतं टाकायची, मग मशीनमधून ती क्लिअर करायची. इथं चुकलं की संध्याकाळी हिशोब जुळत नाही. म्हणून व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या मी स्वतः मोजल्या, प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का मारला आणि काळ्या लिफाफ्यात सील केल्या.

दुपारी रांग ओसरली. एक नंबरच्या अधिकाऱ्यांनी मतदारयादी पुढे धरली. येऊन गेलेल्यांच्या नावावर लाल रेघ, पण पानामागून पान कोरं. "सर, अशांना दंडच लावला पाहिजे."

बाकावरचा पोलिंग एजंट म्हणाला, "गुरुजी, हे सगळे ऊसतोडीला कारखान्याला गेलेत. उचल घेतल्यावर मुकादम सोडतोय का?"

गाळप १५ तारखेला सुरू झालं होतं. मतदानाची पगारी सुट्टी कायद्यात आहे, पण टनावर मजुरी घेणाऱ्या कोयत्यापर्यंत, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीपर्यंत, ती पोचत नाही. गुजरातेत स्थानिक निवडणुकांसाठी मतदान सक्तीचं केलं होतं, १०० रुपये दंडही ठरवला होता. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. इथं तो दंड या जोडप्यांच्याच माथी बसला असता.

चारच्या सुमारास एक आजी आल्या. शाई लागली, नोंदवहीत अंगठा झाला, तीन नंबरच्या अधिकाऱ्यांनी मतासाठी मशीन उघडणारं बॅलटचं बटण दाबलं. आजी आडोशापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"मला न्हाई टाकायचं मत."

"अहो आजी, मग शेवटचं नोटाचं बटण दाबा की!" तीन नंबर म्हणाले. मी त्यांना तिथंच थांबवलं. कुठलं बटण दाबायचं हे मतदाराला सांगायचा हक्क आपल्याला नाही, आणि वीस वर्षं निवडणुकीचं काम करणाऱ्याला हे सांगावं लागतं याचा मला राग आला.

"कुणी दमदाटी केली का?" मी हळू विचारलं.

"न्हाई बाबा. आले, पण न्हाई टाकायचं."

नियम ४९-ओ: नोंद झाल्यावर मत द्यायला नकार देणाऱ्यांसाठीचा. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे मी 'मत देण्यास नकार' लिहिलं आणि शेरा वाचून दाखवून पुन्हा अंगठा घेतला. मशीन उघडंच होतं, म्हणून पुढच्या मतदाराला थेट आडोशात पाठवलं.

सक्ती असती तर आजींची हजेरी लागली असती. त्या का आल्या आणि का फिरल्या, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी नमुना १७-सी, म्हणजे मतांच्या हिशोबाचा तक्ता, भरला. नोंदवहीपेक्षा मशीनमध्ये एक मत कमी. ४९-ओ च्या रकान्यात १ लिहिला आणि हिशोब जुळला.