ट्यूबलेस केलंय, पण आत सीलंट शिल्लक हाय का?

गेल्या एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरकडून राजहंसगडाखालच्या शेतवाटेनं सायकलवरून येत होतो, बांधाला कुंपण म्हणून टाकलेल्या बाभळीच्या फांदीचा काटा मागच्या टायरात घुसला आणि हवा फुस्स करून गेली ती गेलीच. ट्यूबलेस होतं, म्हणजे आत ट्यूब नाही, हवा थेट टायरात, आणि भोक आपोआप बुजवणारं सीलंट होतं, भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, दोन मिनिटं थांबलो, पण पांढरा थेंबसुद्धा बाहेर आला नाही. घरी येऊन टायर उचकटला तर आत नुसते रबराचे पापुद्रे आणि एक वाळका गोळा. डिसेंबरात घातलेलं सीलंट, मधे एकदापण बघितलं नव्हतं.

सीलंट म्हणजे पातळ लॅटेक्स, त्यात बारीक कण किंवा तंतू असतात. भोकातून हवा सुटली की तिच्याबरोबर ते तिथं जातं, गोठतं आणि बूच बसतं. पण टायरातून हळूहळू त्यातलं पाणीबी उडत असतं आणि आपल्याकडं मार्च ते मे ऊन असं की ते लवकर आटतं. म्हणून मी आता उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी बघतो, पावसाळ्यात तीन महिने चालतं. बघायला टायर काढायची गरज नाही, हवा सोडायची, व्हॉल्व्हचा कोर (आतला फिरवून निघणारा भाग) काढायचा, व्हॉल्व्ह खाली ठेवून एक पातळ झिपटाय (वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) आत घालायचा, ओला आला तर ठीक, कोरडा आला तर ३०-४० एमएल सिरिंजनं आत. माझा टायर ७०० बाय ४०चा, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद, त्याला पहिल्यांदा ६०-७० एमएल लागतं, जाड एमटीबी (माउंटन बाइक) टायर असेल तर १००च्या आसपास. दोन कंपन्यांचं सीलंट एकत्र करू नका, काही काही एकमेकांत मिसळलं की गोळे होतात.

पण खरं काम रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणाऱ्या टेपचं, आणि नेमकी तिथंच सगळे घाई करतात. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा टेप दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद घ्यायचा. आधी रिम स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यायची, मग टेप जोरात ओढत ओढत लावायचा, एक जरी बुडबुडा राहिला तरी त्यातनं हवा स्पोकच्या भोकात जाते आणि आपण महिनाभर टायरला दोष देत बसतो. व्हॉल्व्हचं भोक पाडायला मी दाभण तापवून घेतो, कटरनं चीर पाडली की ती पुढं फाटत जाते. व्हॉल्व्हचा नट हातानंच आवळा, पक्कड लावू नका, रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर तो हातानं सुटला पाहिजे.

टायर बसवताना घरच्या पंपानं जमलं नाही. कडेला साबणाचं पाणी लावलं, कोर काढला, तरी हवा बाजूनं सुटायलीच. शेवटी शहापुरातल्या आमच्या पंक्चरवाल्या मामांकडं चाक घेऊन गेलो. "काय करायलास रे, ट्यूब कुठं हाय ह्यात?" म्हणाले. त्यांच्या कंप्रेसरची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची, आपला व्हॉल्व्ह बारीक, म्हणून पितळेचा छोटा ॲडॅप्टर लागतो, तो कायम खिशात ठेवा. (कोर काढला की तो ॲडॅप्टर बसत नाही, तेव्हा कोर आत ठेवूनच भरायची.) हवा भरली आणि दोनदा टाक टाक आवाज आला, म्हणजे दोन्ही कडा रिमच्या खाचेत बसल्या. रिम आणि टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढं मात्र जाऊ नका, बसत नसेल तर हवा सोडून, साबण लावून परत.

ट्यूब होती तेव्हा मी हवेचा दाब ५५ पीएसआय ठेवत होतो, आता मागं ३८, पुढं ३५. जांबोटी रोडवर खड्ड्यात चाक आदळलं तरी ट्यूब चिमटून होणारं पंक्चर नाही, आणि कणकुंबीपर्यंत जाऊन आलो तरी मनगटं दुखत नाहीत, ह्यासाठीच एवढा खटाटोप करायचा.

भोक तीन-चार मिलिमीटरच्या वर असेल तर सीलंट पुरत नाही, प्लग (भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी) लागतो. म्हणून बॅगेत प्लगची सळई, छोटा पंप, एक ट्यूब, एवढं असतंच. ट्यूब घालण्यापूर्वी टायरात आतून बोटं फिरवून सगळे काटे काढा, सीलंटनं बुजवलेले जुने काटे आतच असतात आणि नवीन ट्यूबला तेच टोचतात, त्या दिवशी मी आठ काढले.

आत्ता पुढचं चाक रात्रीत १० पीएसआय सोडतंय. पाण्यात धरलं तर बुडबुडे व्हॉल्व्हशेजारून येतायत, म्हणजे बहुतेक टेपच. रविवारी परत सगळं उघडून लावणार.