'लंडन कॉलिंग'च्या मागे : रोल तिसरा

फिल्मचा तिसरा रोल काल रात्री धुतला. 36 फ्रेम्सपैकी कामाची एक, 27 नंबरची. तीसुद्धा कामाची आहे की नाही यावर मी सकाळपासून तीनदा मत बदललंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: हा सगळा खटाटोप एका कव्हरपायी, द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या. तसा एक फोटो मला काढायचाय. सप्टेंबर 1979, न्यूयॉर्कचं पॅलेडियम थिएटर, क्लॅशचा कार्यक्रम. रखवालदार प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठूच देत नव्हते, समोर नुसता थंडपणा, आणि द क्लॅशचा बेसिस्ट पॉल सिमनन त्याने पेटला. शेवटी त्याने आपला फेंडर प्रिसिजन (बेस गिटार) दोन्ही हातांनी मानेशी धरून स्टेजवर हाणला. (नंतर हळहळला. अक्कल असती तर जादाचा बेस फोडला असता म्हणे, फुटला तो जास्त चांगला वाजायचा!) फोटोग्राफर पेनी स्मिथ पेंटॅक्स कॅमेरा घेऊन जवळच होती. बेस आपल्या अंगावर येतोय हे बघून ती मागे सरकली, आणि त्याच गडबडीत बटण दाबलं गेलं.

म्हणून फोटो हलका धूसर. कव्हरवर तो नको, फोकसच नाही, असं खुद्द तिचंच म्हणणं होतं. बँडचा गायक जो स्ट्रमर आणि डिझायनर रे लोरी हाच फोटो हवा म्हणून अडून बसले. लोरीने अक्षरं उचलली एल्विसच्या 1956 च्या पहिल्या अल्बमवरून: डावीकडे उभी गुलाबी, खाली आडवी हिरवी. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून बघा. एल्विस गिटार छातीशी धरून तोंड वर करून गातोय. सिमननचं तोंड दिसतच नाही.

आता माझं. मित्रांच्या बँडचा कार्यक्रम होता, छोटा हॉल, लाल एलईडी (कृष्णधवल फिल्मवर या लाल उजेडाने मागच्या खेपेला चेहरे पिठासारखे पांढरे आले होते). एचपी 5 फिल्म, 1600 ला पुश (म्हणजे उजेड कमी म्हणून फिल्म जास्त वेगाची धरायची आणि धुताना जास्त वेळ ठेवायची), आयडी-11 डेव्हलपरमध्ये 20 अंशांवर 14 मिनिटं. 50 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ 2.8, शटर 1/60 सेकंद. फोकस 2 मीटरवर ठेवला आणि पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरवलं. या मापाला जेमतेम फूटभर खोली स्पष्ट येते. म्हणजे समोरचा अर्धं पाऊल पुढे आला की संपलंच. पेनीचं काय झालं असेल ते तेव्हा नीट कळलं. तिथे तर दोघंही हलत होते.

27 मध्ये गिटारवाला वाकलाय, केस उडालेत, नाक धूसर. बुटाची नाडी मात्र इतकी स्पष्ट की गाठ मोजा. फोकस बरोबर जागी गेला, माणूस चुकीच्या जागी होता.

माझ्याकडे अडून बसायला स्ट्रमर नाही. बायको म्हणाली, "नाडीचा फोटो छान आलाय."

रविवारी 8 बाय 10 वर काढून बघतो. पुढच्या रोलला 35 मिमी लेन्स लावणार, आणि अजून एक हात जवळ उभा राहणार.