मांजरसुंब्याचा घाट आणि बुजलेला ब्रीदर

मांजरसुंब्याच्या घाटात जुन्या जीपच्या बॉनेटखालून निळसर धूर निघाला, तर लगेच कुणाला इंजिन उघडू देऊ नका. मी देणार होतो. ४५,००० रुपये जाणार होते.

गाडी १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप, डिझेल. छत्रपती संभाजीनगर ते बीड काही तक्रार नाही. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर चढ सुरू झाला आणि जळक्या तेलाचा वास आला. बॉनेट उचललं तर तेलाची पातळी बघायची ऑइल गेजची काडी निम्मी बाहेर, टॅपेट कव्हरच्या कडेने पाझरलेलं तेल सायलेन्सरच्या पाइपवर जळतंय. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण काढलं, भसकन धूर आला आणि निकाल लागला: "बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन बांधावं लागेल." म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती. एक नळी तपासली नाही! तो राग अजून गेलेला नाही.

लिटरभर ऑइल ओतून रखडत पाटोदा गाठलं. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक काका थेट गाडीखाली शिरले. "भाऊ, इंजिन चांगलंय. त्याचा श्वास कोंडलाय." आधीच्या मालकाने ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनात साठणारा वायू बाहेर सोडणारी नळी, एअर फिल्टरपासून काढून चेसिसखाली मोकळा सोडला होता. उन्हाळाभर गाडी शेडमध्ये उभी, तेवढ्यात कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलेलं.

रिंगांच्या फटीतून ज्वलनाचा थोडा वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. जुन्यात जास्त, चढावर आणखी जास्त. त्याची वाट बुजली की दाब वाढतो आणि तेल सीलमधून, गॅस्केटमधून, गेजच्या भोकातून बाहेर पडतं. म्हणून आधी ब्रीदर मोकळा करा, मग इंजिन आयडलिंगवर ठेवून झाकण उघडा. हलकी फुंकर चालते. ब्रीदर मोकळा असूनही जोराचा झोत येत राहिला, तरच रिंगांवर संशय घ्या. नळी उतरवूनच साफ करा, जागेवर तार खुपसली तर माती आत जाईल. बदलायची झाली तर तेलाला टिकणारा रबरी पाइपच घ्या. पाण्याचा साधा पाइप गरम तेलाने मऊ पडून चपटा होतो. टोक खाली मोकळं असेल तर खोल ओढ्यात गाडी घालू नका.

काकांनी २०० रुपये घेतले. मी आग्रहाने ५०० दिले.

सौताड्याचा धबधबा जोरात होता, पायऱ्या निसरड्या. नळदुर्गला दोन दिवस मजेत गेले. परतेपर्यंत गेजची काडी जागची हलली नाही. त्या दाबाने मागचं ऑइल सील मात्र झिरपू लागलंय. तेल क्लच प्लेटपर्यंत पोचण्याआधी या आठवड्यातच ते बदलून घेतोय.