मिरकरवाड्याच्या ग्लँडपासून टॉर्पेडोच्या रिंगपर्यंत

आमच्या शेडची सुरुवात अण्णांच्या एका जुन्या लेथवर झाली. काम सगळं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींचं. शाफ्ट सरळ करा, बुश बदला, पंख्याची वाकलेली पाती ठोका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. आमचा सीझन तोच. पैसे मात्र नारळी पौर्णिमेनंतर, तेही जाळ्यात काही लागलं तर.

शाफ्ट बोटीतून समुद्रात जातो तिथे ग्लँड असतो, त्यात पाणी अडवायला ग्रीसची दोरी ठासलेली. अण्णा म्हणायचे, "ग्लँड थोडा ठिबकायलाच हवा. जास्त आवळलास तर दोरी जळेल, शाफ्टला चर पडेल." हे हातात मुरलं होतं. पुढे नेमकं तेच विसरावं लागलं.

कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापकामाचं मशीन घेतलं, मिरजोळे एमआयडीसीत आलो. आता टॉर्पेडोचे, म्हणजे पाण्याखालून जाऊन फुटणाऱ्या अस्त्राचे, भाग करतो. एका पुरवठादाराच्या खाली दुसरा, त्याच्याही खाली आम्ही. भाग कुठल्या टॉर्पेडोत जातात ते सांगायचं नाही. आमच्या ड्रॉइंगवर तरी नुसते नंबरच असतात. जगजाहीर आहे तेवढं सांगतो. हेवीवेट टॉर्पेडोचा व्यास ५३३ मि.मी., म्हणजे जुने २१ इंच. आपलं वरुणास्त्र साधारण दीड टनाचं. आत एकामागे एक कप्पे: नाकात आवाजावरून लक्ष्य शोधणारी सोनार यंत्रणा, मग स्फोटकं, बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स, मोटर, शेपटाला पंखे. शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांवरच्या जर्मन एसयूटी टॉर्पेडोच्या मागे तर तारही उलगडत जाते, पाणबुडी तिच्यातून त्याला वळवते.

कप्पे जुळतात तिथे रिंग, रिंगेत खाच, खाचेत ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं. आमचं पोट त्या खाचेवर. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका बारने वाढतो. म्हणजे ४०० मीटरवर ५३३ मि.मी.च्या गोल तोंडावर जवळजवळ ९० टन. तिथे ठिबकणं वगैरे काही नाही.

पहिला लॉट अख्खा परत आला. कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कुसळं (बर) काढताना खाचेत बारीक ओरखडा गेला होता. डोळ्याला दिसेना, नखाला लागत होता. खाचेच्या फेऱ्याबरोबर गेलेली रेघ एक वेळ चालेल, पण आडवी गेली की पाण्याला आयती वाट. नंतर मापं चुकायला लागली. मशीन ठीक, कारागीर ठीक, मग? कापताना शेडमध्ये ३० अंश, तपासणीच्या खोलीत २०. एवढ्या फरकाने अॅल्युमिनियमची ही रिंग ०.१२ मि.मी.ने आकसते! एसीची खोली बांधली तेव्हा शेजारचे म्हणाले, याला आता ऊन सोसवेना.

खारी हवा हा आमचा कायमचा वैरी. अॅनोडायझिंगला, म्हणजे गंजरोधक थर चढवायला जाण्याआधी भाग रात्रभर उघडा राहिला तर सकाळी पांढरे ठिपके. म्हणून तेलाचा हात आणि प्लास्टिकची पिशवी, मग घरी. बिलाबद्दल न बोललेलं बरं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, निदान वाटेत भेटतो तरी.

बोटींचं काम सोडलेलं नाही. पुढच्या शेडमध्ये शाफ्ट, मागे एसी. परवा एक तांडेल काचेतून रिंग बघत म्हणाला, "याला थेंबही येत नाय म्हणतोस, मग आमच्या ग्लँडाक काय झालंय?"

म्हटलं, "काका, तुमचा ठिबकायलाच हवा."

पटलं नाही त्याला. जाताना पान्याने स्वतःच अर्धा फेरा आवळून गेला.