टायमर उपकरणाची नोंद: एका म्युटेक्सचे चार तुकडे

माझ्या केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली आभासी यंत्रं चालवणारी सोय) प्रयोगातलं टायमर उपकरण आता एकाच म्युटेक्सवर (एका वेळी एकालाच आत सोडणारा, बाकीच्यांना झोपवून थांबवणारा लॉक) चालत नाही. या फेरीतलं काम एवढंच, पण त्यातून शिकलो भरपूर, म्हणून सविस्तर लिहितो.

रचना आठवण म्हणून सांगतो. होस्टच्या (खऱ्या यंत्राच्या) कर्नलमध्ये टायमरची वेळ भरते, माझा कोड ‘इंटरप्ट (सीपीयूला चालू काम थांबवायला लावणारा इशारा) बाकी आहे’ अशी खूण करतो आणि झोपलेल्या व्हीसीपीयूला (आभासी सीपीयूला) उठवतो. गेस्टमध्ये (आभासी यंत्रात) सायक्लिकटेस्ट (ठरल्या वेळेपेक्षा जाग किती उशिरा येते ते मोजणारी चाचणी) चालू ठेवून मी उशीर मोजतो. सरासरी पहिल्यापासून चांगली होती. त्रास होता तो अधूनमधून येणाऱ्या उडीचा: बराच वेळ सगळं सुरळीत, मग एकदम मोठा आकडा. लॅटन्सीच्या (उशिराच्या) कामात मी आता सरासरी बघतच नाही, सर्वांत वाईट आकडा तेवढा बघतो.

कारण एफट्रेसमध्ये (कर्नलचा माग काढणाऱ्या साधनात) स्वच्छ दिसलं. टायमरचा कॉलबॅक (वेळ भरली की चालणारं फंक्शन) हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे इंटरप्ट आला की थेट तिथेच, धावतो. तिथे झोपायला मनाई, त्यामुळे म्युटेक्स घेता येत नाही. म्हणून मी ते काम वर्कक्यूकडे (नंतर कर्नल थ्रेडमध्ये करायच्या कामांच्या रांगेकडे) सोपवलं होतं. म्हणजे आधी एका कर्नल थ्रेडला सीपीयू मिळणार, मग तो म्युटेक्स मागणार, आणि नेमका त्याच वेळी दुसरा थ्रेड तेच म्युटेक्स धरून राउटिंगचा (कुठला इंटरप्ट कुठे जातो याचा) तक्ता बदलत असेल तर गेस्ट बिचारा ताटकळत बसणार.

पहिला विचार अर्थातच स्पिनलॉकचा, म्हणजे न झोपता फिरत वाट बघायला लावणाऱ्या लॉकचा. पण माझा होस्ट प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे वेळेत प्रतिसादाला महत्त्व देणाऱ्या, कर्नलवर आहे (2024 मध्ये लिनक्स 6.12 पासून तो पर्याय मुख्य कर्नलमध्येच मिळतो). त्यात साध्या स्पिनलॉकचं नाव तेच राहतं, पण आतून तो झोपू शकणारा लॉक होतो. हार्ड इंटरप्टमध्ये चालतो तो फक्त रॉ स्पिनलॉक, जो आरटीवरही झोपत नाही. केव्हीएमलाही या वाटेनं जावं लागलं आहे: व्हीसीपीयू उठवणारी नेहमीची वेटक्यू (थांबलेल्या थ्रेडची रांग) आतून स्पिनलॉक घेते, म्हणून 4.6 मध्ये तिच्या जागी साधी स्वेट-क्यू आली आणि 5.8 मध्ये आरसीयूवेट (एकाच थांबलेल्या थ्रेडसाठीची आणखी साधी सोय). टायमरही ‘हार्ड’ मोडमध्ये मागावा लागतो, नाहीतर आरटीवर तो सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतर मागाहून होणाऱ्या कामांत) जाऊन पडतो. हे मला उशिरा कळलं आणि त्यात एक अख्खा रविवार गेला.

मग सगळ्यालाच रॉ स्पिनलॉक लावावा का? नाही. तो धरलेला असताना त्या सीपीयूवर दुसरं कोणी पुढे येऊ शकत नाही, म्हणजे आतल्या प्रत्येक ओळीचा वेळ इतरांच्या उशिरात जमा होतो. म्हणून मी लॉकची नावं बाजूला ठेवली आणि प्रत्येक माहितीपुढे दोनच प्रश्न लिहिले: ती कोण, कुठल्या अवस्थेत वाचतं? आणि लॉक धरणारा मधेच थांबला तर कोणाचं अडतं?

बाकी इंटरप्टची खूण आणि पुढची वेळ या दोन गोष्टी एकत्रच बदलायला हव्यात. तिथे रॉ स्पिनलॉक, इंटरप्ट बंद करून, आत मोजक्या चार-पाच ओळी.

राउटिंगची नोंद छोटी, बदलते क्वचित, पण वाचली जाते प्रत्येक इंटरप्टला. तिला सीक्वेन्स काउंटर लावला. वाचणारा नोंदीची प्रत काढतो आणि मधे बदल झाला असेल तर पुन्हा वाचतो. केव्हीएमच्या आयआरक्यूएफडीमध्ये (गेस्टला बाहेरून इंटरप्ट पोचवण्याच्या सोयीत) हीच पद्धत आहे. एक सापळा मात्र जीवघेणा: लिहिणारा अर्ध्यावर असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर वाचणारा कायमचा फिरत राहतो, कारण लिहिणाऱ्याला पुढे सरकायला सीपीयूच उरत नाही. म्हणून लिहिणं त्याच रॉ स्पिनलॉकखाली आणलं.

पूर्ण तक्ता एसआरसीयूकडे गेला, हा आरसीयूचाच एक प्रकार. साधा आरसीयू (वाचणाऱ्याला लॉक न लागणारी पद्धत) वाचायला उत्तम, पण जुना तक्ता मोकळा करण्याआधी संपूर्ण यंत्रातले वाचक संपायची वाट बघावी लागते. एसआरसीयू फक्त आपल्याच वाचकांची वाट बघतो. केव्हीएमनंही 2014 मध्ये राउटिंग बदलायला लागणारा वेळ कमी करण्यासाठी हाच बदल केला होता. उरलं कॉन्फिगरेशन, त्याला म्युटेक्स तसंच ठेवलं, तिथे घाई कोणालाच नाही.

कर्नल बांधताना प्रूव्ह-रॉ-लॉक-नेस्टिंग (लॉक एकात एक चुकीचे घेतले तर पकडणारा पर्याय) नक्की चालू करा. रॉ स्पिनलॉकच्या आत मी चुकून साधा स्पिनलॉक घेत होतो, ते लॉकडेपनं (कर्नलमधल्या लॉक तपासणाऱ्या साधनानं) पहिल्याच बूटला दाखवलं. पण आकडे मोजण्याआधी हे सगळं बंद करायचं, नाहीतर आपण लॉकडेपचाच वेळ मोजत बसतो.

एवढं करूनही एक उडी उरली आणि ती गेस्टच्या आत निघाली. गेस्टला वाटतं लॉक धरणारा सीपीयूवर पळतोय, पण व्हीसीपीयू म्हणजे होस्टच्या लेखी एक थ्रेड. शेड्यूलरनं तो उतरवला की बाकीचे व्हीसीपीयू नुसते फिरत राहतात. 2.6.25 मधल्या तिकीट लॉकनं रांग लावली तेव्हा हे दुखणं वाढलं, कारण ज्याची पाळी आहे तोच उतरलेला असू शकतो. 4.2 पासूनच्या क्यूस्पिनलॉकची (रांगेच्या नव्या स्पिनलॉकची) पॅराव्हर्च्युअल, म्हणजे आपण गेस्टमध्ये आहोत हे जाणून वागणारी, आवृत्ती यावर उपाय करते: थोडा वेळ फिरायचं, मग हॉल्ट करून सीपीयू सोडायचा, आणि लॉक सोडणाऱ्यानं हायपरकॉलनं (होस्टला केलेल्या विनंतीनं) उठवायचं. व्हीसीपीयू जास्त आणि सीपीयू कमी असतील तर हे वरदानच आहे. माझ्याकडे मात्र प्रत्येक व्हीसीपीयू स्वतंत्र सीपीयूला बांधलेला आहे. इथे हॉल्ट करून पुन्हा उठणं हाच भुर्दंड, म्हणून गेस्टच्या बूट ओळीत ‘नोपीव्हीस्पिन’ (ही पॅराव्हर्च्युअल वाट बंद करणारा पर्याय) दिलं आणि ती उडी गेली.

आता उपकरण रीसेट करण्याची वाट बाकी आहे. तिथे टायमर रद्द करताना चालू कॉलबॅक संपायची वाट बघावी लागते आणि कॉलबॅकला तोच रॉ स्पिनलॉक हवा असतो, म्हणून लॉक सोडूनच रद्द करावं लागतं. त्या मधल्या फटीत कॉलबॅकनं टायमर पुन्हा लावू नये यासाठी एक पिढी-क्रमांक ठेवून बघतोय. कोणी हे वेगळ्या पद्धतीनं सोडवलं असेल तर जरूर लिहा.