रिंग खाली, २४ ग्रॅम

हवेत उडवलेल्या पंचवीस चकत्या फोडायच्या एका फेरीत बंदूक नऊ वेळा अडली. आकडा नेमका आहे, कारण मी वही ठेवते. वही नसती तर मी "सारखी अडते हो" म्हणाले असते आणि काकांनी नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतं. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने नेमबाज, नात्याने कुणाचेच काका नाहीत. त्यांनी वही पाहिली, चष्मा वर केला आणि विचारलं, "अडते म्हणजे काय होतं नक्की? पुंगळी बाहेर येते की आतच राहते?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नऊ वेळा अडली, पण नऊपैकी एकदाही मी नीट पाहिलं नव्हतं. चिडून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) ओढायचा, पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, पाडायची, पुढची चकती मागायची, एवढंच.

बंदूक बाबांची. ब्राउनिंग ऑटो-५, बारा बोअर, मागे चौकोनी कुबड असलेली. जॉन ब्राउनिंगने या रचनेचं पेटंट १९०० साली घेतलं. बाबा त्यात ३६ ग्रॅम छऱ्यांची भारी काडतुसं वापरायचे आणि बंदूक घड्याळासारखी चालायची. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला, आता हात वर जातो पण शंभर धक्के सोसत नाही. म्हणून मी २४ ग्रॅमवर आले. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या चकतीच्या स्पर्धांतही २४ ग्रॅमच चालतं, म्हणजे चकती फोडायला ते पुरतं याबद्दल शंका नको. बंदुकीला पुरत नव्हतं.

का पुरत नाही, हे एका संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. दोन्ही काडतुसांचे छर्रे साधारण सेकंदाला ४०० मीटरने सुटतात असं धरू. ३६ ग्रॅमला ४०० ने गुणलं, बंदुकीच्या ३.६ किलो वजनाने भागलं, तर बंदूक मागे यायचा वेग सेकंदाला ४ मीटर. २४ ग्रॅमचा तोच हिशेब केला तर २.७ च्या आसपास. (वॅड, म्हणजे दारू आणि छऱ्यांमधला बूच, आणि दारू यांचं वजन सोडून दिलंय, त्याने दोन्ही आकडे थोडे वाढतील.) वेग दोन तृतीयांश झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणून ती उरली अर्ध्याहूनही कमी. स्प्रिंग दाबायची, घर्षण मोडायचं, पुंगळी उपसायची, नवं काडतूस उचलायचं, हा सगळा संसार त्या अर्ध्याहून कमी ऊर्जेत. खांद्याला जे बरं वाटतं तेच यंत्राला कमी पडतं.

ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त मागे येतात. बोल्ट मागे धरला जातो, नळी एकटी पुढे जाते, पुंगळी उघडी पडून फेकली जाते, मग बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. नळी पूर्ण मागे आलीच नाही तर बोल्ट धरला जात नाही. दोघंही जसे आले तसे हातात हात घालून परत जातात आणि पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, जिथल्या तिथे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं बंदूक हललीच नाही.

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी एकेकच काडतूस भरून बार काढायला लागले. मॅगझिन, म्हणजे पुढची काडतुसं साठवायची नळी, रिकामं असेल तर बारानंतर बोल्ट मागे उघडा राहायला हवा. राहिला तर पुरेसा मागे आला, नाही तर नाही. दहा बारांत चार वेळा पुंगळी आतच. बाकी सहांत बोल्ट उघडा राहिला, पण पुंगळ्या माझ्या बुटाजवळ पडत होत्या. काकांच्या बंदुकीच्या पुंगळ्या तीन पावलं लांब जातात. म्हणजे चालत होती तेव्हाही जेमतेमच चालत होती.

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात स्प्रिंग कापायचं घोळत होतं. दोन वेटोळी कमी केली की झालं, असं मला कुणीतरी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं होतं. काका एवढंच म्हणाले, "कापलेली स्प्रिंग परत लांब होत नाही गं. आधी तिच्यावर काय बसलंय ते तरी बघ."

घरी बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री केली, पुढचं टोपण फिरवलं, लाकूड काढलं, नळी काढली. मॅगझिनच्या नळीभोवती मोठी स्प्रिंग, तिच्यावर एक पोलादी रिंग, रिंगेवर ब्राँझचा चिरलेला तुकडा. हा ब्राँझचा तुकडा म्हणजे बंदुकीचा ब्रेक. पोलादी रिंगेची आतली कड तिरकी असते. धक्का बसला की ती ब्राँझला आवळते आणि ब्राँझ मॅगझिनच्या नळीला घट्ट धरतो. भारी काडतुसांना ही जागा बरोबर. हलक्या काडतुसांसाठी रिंग इथून काढून स्प्रिंगच्या खाली, म्हणजे बंदुकीच्या धडाला टेकवून ठेवायची. तिथे ती नुसती वॉशरसारखी पडून राहते, आणि ब्राँझवरची पकड सैल होते. ना हत्यार लागतं ना कौशल्य. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने हलक्या-भारीची सोय आतच करून ठेवली होती आणि मी करवत शोधत होते.

रिंग बाबांनी ठेवली होती तिथेच होती. ती हलवायला मला पाच मिनिटं लागली, त्यातली चार मी नुसती बसून होते.

पण तेवढ्याने भागलं नाही. दहात चारवरून दहात एकावर आलं. मॅगझिनच्या नळीवर जुन्या तेलाचा तपकिरी थर वाळला होता, नख घासलं तर रेघ उमटायची. रॉकेलने पुसून काढला, मग पातळ तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन फिरवला आणि परत कोरड्या फडक्याने टिपला. तेल इथे औषधासारखं आहे. कोरडी नळी जास्त पकडते, तेलकट नळी पकडतच नाही. पकड गेलेल्या बंदुकीत कुणी भारी काडतूस घातलं तर बंदुकीची मुख्य नळी येऊन मागे आदळते आणि पुढचं लाकूड तडकतं. या बंदुकांची तडकलेली लाकडं पाहिली की कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

दुसरी स्प्रिंग दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या) आत असते, बोल्टला पुढे ढकलणारी. तिच्याकडे कुणी बघतच नाही, कारण दस्ता काढावा लागतो. ते काम मी बंदूक दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. स्क्रूची खाच इतकी बारीक की पात्याचं माप चुकलं तर कायमचा ओरखडा, आणि स्प्रिंग अडवणारी खीळ काढताना तोंड समोर असेल तर स्प्रिंग तोंडावरच येते. आतून जे निघालं त्याला तेल म्हणवत नाही, डिंक होता. स्प्रिंग धुऊन पुसून परत बसवली आणि बोल्ट हाताने ओढला तर पहिल्यांदा तो खरखरला नाही.

चेंबरमध्येही प्लॅस्टिकचा पातळ थर होता. पुंगळी निघताना तिथे चिकटते आणि उरलीसुरली ऊर्जा तिथेच खर्च होते. ब्रश आणि सॉल्व्हंट, अर्धा तास.

मधल्या काळात बाकीच्यांच्याही बंदुका उघडून झाल्या, कारण असली साथ पसरतेच. एकीची गॅसवर चालणारी. तिच्यात नळीच्या छिद्रांतून थोडा वायू पिस्टनला ढकलतो. छिद्रं काजळीने अर्धी बुजलेली आणि रबरी रिंग चिरलेली. ती छिद्रं मोठी करून घ्यायला निघाली होती. साफ केली, रिंग बदलली, झालं. वाढवलेलं छिद्र बुजवता येत नाही. दुसऱ्याची इनर्शियावर चालणारी, जिच्यात बंदूक मागे येते आणि जड बोल्ट जागीच राहू पाहतो, त्या ओढाताणीत आतली छोटी स्प्रिंग दाबली जाते. त्याने नेम वाहता राहावा म्हणून टोकाला वजन लावलं होतं. बंदूक जड, म्हणून मागे येणं मंद, म्हणून बोल्ट सुस्त. वजन काढलं आणि चालायला लागली. ते माझ्या वहीतलंच गणित होतं, फक्त भाजक मोठा झालेला.

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. कुणीतरी घरी भरलेली 'अगदी मऊ' काडतुसं दिली. तिसऱ्या बाराला फुस्स आवाज आला, धक्का जवळजवळ नाहीच. सवयीने माझा हात बोल्टकडे गेला, कारण महिनाभर मी तेच करत होते. काका मागून ओरडले, "थांब!" नळी पुढेच रोखून थोडा वेळ थांबलो, बंदूक रिकामी केली, नळी काढून आरपार पाहिलं. वॅड मध्येच अडकलेला. त्यावर पुढचा बार काढला असता तर नळी फाटू शकली असती. अडणाऱ्या बंदुकीची ही सगळ्यात वाईट खोड, ती तुम्हाला न बघता बोल्ट ओढायची सवय लावते. ती काडतुसं मी परत केली आणि देणाऱ्याला कारणही सांगितलं.

शेवटचा दोष माझा निघाला. दुखऱ्या खांद्यामुळे मी दस्ता सैल धरत होते. या रचनेत धड जागेवर राहिलं तरच नळी त्याच्या सापेक्ष मागे येते. धडच नळीबरोबर पळालं तर प्रवास कमी पडतो. काकांनी मला पुढच्या पायावर थोडं जास्त वजन घ्यायला लावलं आणि गाल खाली दाबायला. धक्का वाढेल म्हणून मी घाबरत होते, तो उलट कमी जाणवला, कारण सैल दस्ता खांद्यावर आपटत होता.

आता पेटीच्या झाकणावर आतून चिठ्ठी आहे, "रिंग खाली. २४ ग्रॅम." माझ्यानंतर कुणी भारी काडतूस घालायच्या आधी ती वाचावी म्हणून. गेल्या चार फेऱ्यांत, म्हणजे शंभर बारांत, तीन वेळा अडली. त्यातल्या दोन वेळा स्वस्त काडतुसांच्या पोलादी बुडाच्या पुंगळ्या चेंबरमध्ये फुगून बसल्या होत्या, ती काडतुसं बंद केली. तिसरी गार सकाळचा पहिलाच बार होता. तेल गारठून घट्ट होत असावं असा माझा संशय आहे. काका म्हणतात, तेल नाही, तू गारठतेस. पुढच्या गार सकाळी पहिला बार त्यांनी काढायचा असं ठरलंय.